वीज कोकणात, बिल साकोलीत : दाभोळच्या गॅस टर्मिनलची गोष्ट

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण यात किल्ले, लढाया असं काही नाही. ही गोष्ट आहे एका वीज कारखान्याची आणि त्याला चिकटून बांधलेल्या गॅसच्या बंदराची. ठिकाण आहे रत्नागिरी जिल्ह्यातला गुहागर तालुका. आपल्या साकोलीपासून हजारेक किलोमीटर लांब. मग आपण का ऐकायचं? कारण तेव्हा राज्यात बहुतेक ठिकाणी वीज द्यायचं काम एकच मंडळ करायचं, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. कोकणातल्या कारखान्याचे पैसे चुकते व्हायचे ते साकोली, लाखनी, लाखांदूरच्या बिलांमधूनसुद्धा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एन्रॉन हे नाव घरात ऐकलं असेल. 'एन्रॉनने राज्याला लुटलं' किंवा 'राजकारण्यांनी एन्रॉन बुडवलं', एवढ्या एका वाक्यात विषय संपतो. आज आपण जरा आत जाऊ. त्या कराराची घडण कशी होती, ते बघू.

आधी एलएनजी म्हणजे काय ते समजून घेऊ

नैसर्गिक वायू जमिनीखालून निघतो. पाईपलाईन असेल तर तो थेट नेता येतो. मधे समुद्र असेल तर अडचण. मग तो उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात. तेवढ्या थंडीत त्याचं पाण्यासारखं द्रव होतं आणि जागा जवळपास ६०० पट कमी लागते. हा द्रव खास जहाजातून आणायचा, किनाऱ्यावर थर्मासप्रमाणे दुहेरी भिंतींच्या टाक्यांमध्ये साठवायचा आणि गरजेप्रमाणे गरम करून पुन्हा वायू करायचा. जेट्टी, टाक्या आणि ही गरम करणारी यंत्रणा, या सगळ्याला मिळून टर्मिनल म्हणतात.

आता टर्मिनल आणि वीज कारखाना शेजारी शेजारी का बांधायचा? टर्मिनल प्रचंड महाग असतं. पहिल्या दिवसापासून पक्कं गिऱ्हाईक नसेल तर बँका कर्ज देत नाहीत. वीज कारखाना हे असं गिऱ्हाईक असतं, वर्षभर रोज गॅस पिणारं. लांब पाईपलाईन टाकायची गरज नाही. शिवाय कारखान्याला उष्णता नकोशी असते आणि टर्मिनलला तीच हवी असते, म्हणजे एकाचा कचरा दुसऱ्याच्या कामी येऊ शकतो. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने कल्पना चांगली आहे. जगात बऱ्याच ठिकाणी ती चाललीही आहे.

१९९२ : करार झाला

१९९१ साली देश आर्थिक संकटात होता. केंद्राने वीजनिर्मितीत खासगी आणि परदेशी कंपन्यांना वाट मोकळी केली. जून १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीचे लोक मुंबईत आले आणि काही दिवसांतच, २० जूनला, विद्युत मंडळाशी सामंजस्य करार झाला. टेंडर निघालं नाही, दुसऱ्या कुणाला भाव विचारला गेला नाही.

प्रकल्पाचं नाव दाभोळ पडलं. खरं तर दाभोळ गाव वाशिष्ठी नदीच्या पलीकडच्या तीरावर, दापोली तालुक्यात. कारखाना उभा राहिला अलीकडे, अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या जमिनीवर. दाभोळ पॉवर कंपनीत सुरुवातीला एन्रॉनचा वाटा ८० टक्के होता. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के. एकूण क्षमता दोन हजार मेगावॅटच्या वर आणि खर्च सुमारे ३ अब्ज डॉलर.

१९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. बँकेचं म्हणणं असं होतं की कारखाना राज्याच्या गरजेच्या मानाने फार मोठा आहे आणि आयात गॅसची वीज कोळशाच्या विजेपेक्षा महाग पडेल. ती घ्यायची तर मंडळाला आपले स्वस्त कोळशाचे संच मागे ठेवावे लागतील. आता हे कोळशाचे संच कुठे होते? कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर. आपल्याच विदर्भात. तरीसुद्धा ८ डिसेंबर १९९३ ला वीज खरेदी करारावर सह्या झाल्या. पुढे राज्य सरकारने हमी दिली आणि राज्य चुकलं तर आम्ही भरू, अशी केंद्रानेही हमी दिली.

राईस मिलचं गणित

करारात काय होतं, ते आपल्याकडच्या भाषेत सांगतो. समजा गावात एक मोठी राईस मिल येतेय. मिलवाला म्हणतो, मी मशीन लावतो, पण तुम्ही वीस वर्षांचा करार करा. मिल तयार असेल तर तुम्ही धान आणा की नका आणू, भरडाईचा ठरलेला पैसा महिन्याला द्यायचाच. तो डॉलरच्या भावाने मोजायचा. वर मिलला लागणाऱ्या डिझेलचा खर्च जो होईल तो वेगळा, तोही तुमच्याच माथी. आणि मिलशेजारी मी गोदाम बांधतोय, मिलला लागेल त्याच्या दुप्पट मोठं. त्याचा खर्चसुद्धा या भरडाईतूनच निघेल.

ज्या वर्षी धान भरपूर, त्या वर्षी गणित जमेल. ज्या वर्षी अर्धंच पिकलं, त्या वर्षी किलोमागे भरडाई दुप्पट पडेल, कारण ठरलेला पैसा तोच आणि माल निम्मा.

दाभोळचं हेच झालं. कारखाना ९० टक्के वेळ वीज द्यायला तयार असला की मंडळाने स्थिर आकार द्यायचा, वीज उचलली की नाही हा प्रश्न वेगळा. १९९३ मध्ये डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये ४७ च्या आसपास. कारखान्याने काही बिघडवलं नाही, तरी बिल वाढलं.

आणि ते गोदाम म्हणजे गॅसचं टर्मिनल. त्याची आखलेली क्षमता वर्षाला ५० लाख टन. कारखान्याला लागणार होता साधारण २१ लाख टन, त्यासाठी ओमान आणि अबू धाबीशी वीस वर्षांचे करार झाले होते. उरलेला गॅस एन्रॉन बाहेर विकणार होती. म्हणजे धंदा दोन, पण दोन्हीचा भार पेलणारं मुख्य गिऱ्हाईक एकच, आपलं विद्युत मंडळ.

समुद्रात बुडवलं आणि वर काढलं

१९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन मोठा मुद्दा झाला. प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू, ही गोपीनाथ मुंडेंची घोषणा गाजली. त्याच वर्षी एन्रॉनच्या एका अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की भारतात लोकांना 'शिक्षित' करण्यावर आणि प्रकल्पाच्या तयारीवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. इथे त्यावरून गदारोळ उठला. युतीचं सरकार आलं आणि ३ ऑगस्ट १९९५ ला प्रकल्प रद्द झाला.

मग कंपनी लंडनला लवादात गेली, मुंबईत पुन्हा बोलणी झाली आणि १९९६ मध्ये त्याच सरकारने नवा करार केला. दर कमी केल्याचं सांगितलं गेलं. पण आधी दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाच्या हातात होतं, नव्या करारात तो बांधील झाला. म्हणजे राईस मिल रद्द करायला गेलो आणि दुप्पट मोठी घेऊन आलो. मे १९९६ मध्ये वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने केंद्राची हमी मंजूर केली. यात कुठला पक्ष राहिला? जवळपास कुठलाच नाही.

तिकडे गुहागरमध्ये लोक रस्त्यावर होते. मच्छीमारांना खाडीची काळजी, आंबा-काजूवाल्यांना बागांची, गावांना पाण्याची. १९९७ मध्ये आंदोलकांवर लाठीमार झाले, वेलदूरच्या मच्छीमार बायकांना पहाटे घरातून ओढून अटक केल्याचे आरोप झाले. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी यावर अहवाल काढला. जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने आपल्या अहवालात कंपनीलाही जबाबदार धरलं. बिलाचा हिशेब आपण सगळ्यांनीच भरला, पण जमीन आणि लाठ्या फक्त त्यांच्या वाट्याला आल्या. हे विसरता कामा नये.

दोन वर्षांत सगळं थांबलं

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. टर्मिनल तयार नव्हतं, म्हणून इंधन म्हणून नाफ्था वापरला. २००० मध्ये तेलाचे भाव चढले, नाफ्थाही महागला. मंडळ वीज कमी उचलायला लागलं, तशी युनिटची किंमत आणखी वाढत गेली. काही महिन्यांत ती ७ रुपयांच्या वर गेली. मंडळाने पैसे थकवले. २००१ च्या सुरुवातीला कंपनीने सरकारी हमी वापरायला काढली. २९ मे २००१ ला मंडळाने वीज घेणं बंद केलं. त्यानंतर दुसऱ्या टप्प्याचं कामही थांबलं, तेही सुमारे ९० टक्के पूर्ण झालेलं असताना. २ डिसेंबर २००१ ला अमेरिकेत खुद्द एन्रॉनच हिशेबाच्या घोटाळ्यात दिवाळखोरीत गेली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये माधव गोडबोले समितीचा अहवाल आला होता. त्यातली एक शिफारस आजच्या विषयाला नेमकी लागू पडते. वीज कारखाना आणि एलएनजी टर्मिनल वेगळे करा, असं समितीने म्हटलं होतं. ज्या टर्मिनलचा मोठा भाग दुसऱ्यांना गॅस विकायला आहे, त्याचं ओझं वीज ग्राहकांवर का?

यानंतरची वर्षं आपल्या भागातल्या लोकांना सांगायला नकोत. दोन हजार मेगावॅटचा कारखाना कोकणात कुलूप लावून उभा आणि राज्यात काही हजार मेगावॅटची तूट. खेड्यांमध्ये दिवसाला दहा-बारा तास लोडशेडिंग. रात्री दोनला लाईन यायची आणि लोक बॅटरी घेऊन बांधीत मोटार चालू करायला जायचे. २००१ मध्ये वीज नको म्हणालो, कारण ती परवडत नव्हती. चार-पाच वर्षांत वीज हवी म्हणालो, तर ती नव्हती.

कारखाना झोपला, टर्मिनल जागं राहिलं

जुलै २००५ मध्ये एनटीपीसी, गेल, राज्याची वीज कंपनी आणि बँका यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढली. २००६ मध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला. २००७ पासून त्याला गॅस मिळाला, पण शेजारच्या टर्मिनलमधून नाही, तर गुजरातकडून आलेल्या पाईपलाईनमधून. नंतर आंध्रच्या किनाऱ्यावरच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आला, तो आटला आणि २०१३ मध्ये कारखाना पुन्हा बंद पडला. २०१५ च्या शेवटी रेल्वेने वीज घ्यायला सुरुवात केली म्हणून तो थोडा हलला. रेल्वेचा करार संपल्यावर पुन्हा बराच काळ शांतता.

आणि टर्मिनल? देशातलं पहिलं एलएनजी टर्मिनल होण्याची संधी त्याने गमावली होती. तो मान २००४ मध्ये गुजरातच्या दहेजला गेला. दाभोळचं टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झालं, तेसुद्धा अर्धवट. ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा दगडी बांध, पूर्ण नव्हता. त्यामुळे पावसाळ्यात जहाजं लागू शकत नव्हती आणि वर्षानुवर्षं ते फक्त कोरड्या महिन्यांत चाललं. पण चाललं. बंगळुरूपर्यंत पाईपलाईन गेली आणि त्याला शेजारी सोडून दुसरी गिऱ्हाईकं मिळाली. २०१८ मध्ये कोकण एलएनजी ही वेगळी कंपनी झाली. गोडबोले समितीने सांगितलेली गोष्ट व्हायला सतरा वर्षं लागली.

बघा, टर्मिनल बांधलं होतं कारखान्याच्या आधाराने. शेवटी कारखाना बसला आणि टर्मिनल तगलं. का? कारण त्याला एकापेक्षा जास्त गिऱ्हाईकं मिळाली.

मग आपण काय घ्यायचं?

'वीज घेतली नाही तरी पैसे द्या' हे कलम वाचून राग येतो. पण ते कलम आजही वीज करारांमध्ये असतं. कुणी हजारो कोटी गुंतवणार असेल तर त्याला काहीतरी खात्री लागतेच. फरक आजूबाजूच्या गोष्टींनी पडतो. टेंडर निघालं का? आकार गरजेइतका आहे का? डॉलर वाढला तर कोण भरणार? दाभोळमध्ये यातली प्रत्येक जोखीम एकाच बाजूला, ग्राहकाकडे सरकवली होती. ग्राहकाची ऐपत संपली तेव्हा सगळी साखळी तुटली, आणि त्यात विकणाराही बुडाला. ज्या करारात सगळा धोका दुसऱ्याचा असतो, तो करार विकणाऱ्यालासुद्धा वाचवत नाही.

आपल्याकडेही मोठे प्रकल्प येतात. मुंडीपारला भेलच्या कारखान्याचं भूमिपूजन २०१३ मध्ये झालं आणि मग वर्षानुवर्षं लोक वाटच बघत राहिले. तिकडे तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचा कोळशाचा कारखाना उभा राहिला. पुढच्या वेळी कुणी प्रकल्प घेऊन आलं की 'नोकऱ्या किती' हा प्रश्न आपण विचारतोच, आणि विचारायलाच हवा. त्याच्या जोडीला दोन प्रश्न अजून विचारा. माल घेणार कोण? आणि त्याने नाही घेतला तर पैसे कोण भरणार?

जाता जाता एक काम देतो. मोबाईलवर महावितरणचं बिल उघडा. त्यात 'स्थिर आकार' आणि 'इंधन समायोजन आकार' या ओळी शोधा. पहिली ओळ तुम्ही दिवा लावला नाही तरी येते. दुसरी इंधनाचा भाव हलला की हलते. दाभोळची सगळी गोष्ट याच दोन ओळींच्या जातीची आहे, फक्त तिथे आकडे अब्जांत होते.

घरात त्या लोडशेडिंगच्या रात्री कुणाला आठवत असतील तर त्यांना हा भाग नक्की ऐकवा. भेटूया पुढच्या भागात.