सिंगूरच्या दोन याद्या

सिंगूर म्हटलं की आपल्याला नॅनो मोटारीचा कारखाना आठवतो. आज आपण त्याच सिंगूरला, पण 1940 च्या दशकात जाऊ. कोलकात्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचं तिथे एक आरोग्य केंद्र होतं, आणि त्या परिसरातल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदींवर सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी 1949 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं; पण प्रमाण कशाला मानायचं हा आमचाच जुना धंदा, म्हणून या निबंधाशी आमची मैत्री आहे.

अडचण अशी की नोंदवहीत मृत्यू कमी दिसले तर त्याचे दोन अर्थ होतात. माणसं खरोखर कमी मेली, किंवा लिहिणारा झोपला होता. वही एकटी हे सांगू शकत नाही. उलट जो मन लावून प्रत्येक मृत्यू लिहितो, त्याचंच गाव कागदावर सर्वांत वाईट ठरतं!

या दोघांनी काय केलं? निबंधकाची यादी एकीकडे ठेवली, घरोघर विचारून केलेली दुसरी यादी शेजारी ठेवली आणि नावं जुळवली. समजा, 60 नावं दोन्हीकडे आहेत, 20 फक्त निबंधकाकडे, 30 फक्त पाहणीत. निबंधकाच्या 80 पैकी 60 पाहणीला सापडली, म्हणजे पाहणीची पकड पाऊण. मग निबंधकानं सोडलेल्यांतलीही पाऊणच तिला सापडली असणार; ती 30, म्हणजे सुटलेली एकूण 40. त्यांतली 10 कोणालाच दिसली नाहीत. एकूण 120, त्यात निबंधकाकडे 80. गावातल्या घटना किती हे तर कळलंच, शिवाय कचेरी दोन-तृतीयांशच काम करते हेही कळलं. अट एकच, पण कडक: एकाची यादी दुसऱ्याला आधी दिसता कामा नये.

ही कल्पना वाया गेली नाही. 1960 च्या दशकात सुरू झालेली आपली नमुना नोंदणी पद्धत याच तत्त्वावर चालते. गावातला गणक वर्षभर नोंदी करतो, दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्र पाहणी करतो, आणि जे जुळत नाही ते पुन्हा गावात जाऊन तपासतात.

पण आरोग्य केंद्राचा कारभार जोखायची वेळ आली तेव्हा आपण काय निवडलं? टार्गेट. 1966 पासून कुटुंब नियोजनाचं उद्दिष्ट दिल्लीहून राज्याला, राज्याकडून जिल्ह्याला, तिथून केंद्राला आणि शेवटी नर्सबाईला. ‘किती केसेस आणल्या?’ इथे यादी एकच, आणि तीही जिची परीक्षा तिनंच भरायची. प्रसूतीनंतर कोणाच्या घरी कितीदा गेलात, हे या प्रश्नात बसत नव्हतं.

1975-76 मध्ये देशात 27 लाखांच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या होत्या, 1976-77 मध्ये 82 लाखांवर. त्याच 1976 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून आपण वाचलो. हे आपल्याच राज्यात घडलं, ते दिल्लीच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. निव्वळ आकड्यानं पाहिलं तर आरोग्य प्रशासनाचं ते सर्वोत्तम वर्ष! पुढच्याच वर्षी आकडा दहा लाखांच्या खाली आला. लोक आरोग्य केंद्राच्या गाडीला भिऊ लागले होते. पण ही भीती कुठल्या रकान्यात लिहायची?

आता डेमिंगकडे परत येऊ. सिंगूरच्या निबंधानंतर पुढच्याच वर्षी तो जपानला गेला आणि तिथल्या कारखानदारांना गुणवत्तेचे धडे देऊन जगप्रसिद्ध झाला. 1986 च्या पुस्तकात त्यानं व्यवस्थापकांना चौदा सूत्रं दिली. त्यांतलं एक सांगतं की आकड्यांचे कोटे काढून टाका. कारखान्यांनी ते वाचलं. आपल्या नर्सबाईचं टार्गेट देशभर काढलं गेलं एप्रिल 1996 मध्ये. डेमिंगला जाऊन तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती.