औरंगाबादच्या नहरी आणि दोन फ्रेंच प्रवासी

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, शेजारून खाम नदी वाहते, तरी हे शहर शतकानुशतके जगले ते नहरीच्या पाण्यावर. डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी भुयारात गोळा करून, केवळ उताराच्या बळावर वस्तीपर्यंत नेणाऱ्या बांधीव मार्गाला नहर म्हणतात. निजामशाहीचा सर्वाधिकारी मलिक अंबर याने 1610 च्या सुमारास खडकी या गावी नवे शहर वसवले आणि 1617 च्या सुमारास उत्तरेकडून, हर्सूलच्या बाजूने, ‘नहर-ए-अंबरी’ त्यात आणली. इराणमध्ये ‘कनात’ या नावाने ही पद्धत फार प्राचीन काळापासून रूढ होती आणि बऱ्हाणपूरच्या मोगलांनीही त्याच दशकात तिचा अवलंब केला होता. परंतु दख्खनच्या कठीण काळ्या पाषाणात ती उतरवणे हे मलिक अंबराच्या राज्यकारभाराइतकेच मोठे कर्तृत्व मानले पाहिजे.

पुढे शहरात अशा आणखी नहरी झाल्या. त्यांचे पाणी खापराच्या नळांतून खेळवले जाई, आणि नळात कोंडलेली हवा प्रवाह अडवू नये म्हणून वाटेत ठिकठिकाणी विटा-चुन्याचे मनोरे बांधलेले असत, ज्यांत पाणी वर चढे, हवा मोकळी होई आणि पाणी पुन्हा खालच्या नळात उतरे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील पाणचक्कीला याच रीतीने हर्सूलकडून पाणी मिळे; उंच भिंतीवरून हौदात कोसळणाऱ्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि फकिरांसाठी व यात्रेकरूंसाठी तेथे धान्य दळले जाई. त्या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही ते दालन थंड राहते.

1653 नंतर औरंगजेबाच्या सुभेदारीत खडकीचे औरंगाबाद झाले. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये याने संगमरवर वाहून नेणाऱ्या सुमारे 300 गाड्या पाहिल्याचे नोंदवले आहे. हा दगड बीबी का मकबऱ्यासाठी जात होता, असे मानले जाते. 1666-67 च्या सुमारास झाँ द थेव्हनो हा दुसरा फ्रेंच प्रवासी या मार्गाने आला. शहराला तट नसल्याचे त्याने लिहिले, मकबऱ्याचे आणि वेरूळच्या लेण्यांचे वर्णन केले. तटबंदी 1682 मध्ये झाली, म्हणजे त्याने पाहिले ते मोकळे, वाढते नगर होते.

नेमक्या त्याच सुमारास, 1666 मध्ये, थेव्हनोच्या मायदेशी चौदाव्या लुईने ‘कॅनाल द्यु मिदी’ या सुमारे 240 किलोमीटर लांबीच्या कालव्याची आज्ञा दिली. पिएर-पॉल रिके याने आखलेला हा जलमार्ग 1681 मध्ये खुला झाला. तो मालवाहतुकीसाठी होता आणि नहर पिण्याच्या पाण्यासाठी, म्हणून दोहोंची तुलना एका मर्यादेपर्यंतच करता येते. तथापि कार्कासोन या तटबंदीच्या प्राचीन शहराला प्रथम वगळून गेलेला हा कालवा 1810 मध्ये त्याच्या दारापर्यंत आणला गेला, आणि आज होडीतून येणारा प्रवासी शहर पाहतो तेव्हा कालवाही पाहतोच. संभाजीनगरच्या पर्यटकाला मात्र मकबरा, दरवाजे आणि पाणचक्कीचा हौद एवढेच दाखवले जाते. या सर्वांच्या मुळाशी असलेली नहर जमिनीखाली असल्यामुळे त्याच्या नजरेस पडत नाही, हा या शहराच्या इतिहासावर होणारा मोठा अन्याय आहे. पाणचक्की पाहणाऱ्याने एकदा तरी हौदापासून उलट दिशेने, उरलेल्या मनोऱ्यांचा माग काढत हर्सूलच्या वाटेने चालून पाहावे.