एका कलमाची वंशावळ

कायद्याचे पुस्तक कोणी कादंबरीसारखे वाचीत नाही. तथापि एखाद्या कलमाचे कूळ शोधू लागावे, तर त्यात कादंबरीइतकेच अपघात सापडतात. संगणक व त्यांची जाळी यांच्या कारभारासाठी आपण २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा केला, त्यातील ६६-अ हे असेच एक कलम.

मूळ कायदा व्यापाराच्या सोयीचा. संगणकावरचे करारमदार कोर्टात ग्राह्य व्हावेत, हा त्याचा प्रधान हेतू. ६६-अ त्यात शिरले २००८ च्या दुरुस्तीने. 'अत्यंत आक्षेपार्ह' वा धमकीवजा मजकूर धाडला, त्रास व्हावा म्हणून खोटी माहिती पाठवीत राहिले, की तीन वर्षांपर्यंत कैद!

हे शब्द आले कोठून? 'अत्यंत आक्षेपार्ह' हा प्रयोग सापडतो इंग्लंडच्या १९३५ च्या टपाल कायद्यात. टेलिफोन तेव्हा तेथे टपालखात्याकडे असे. तारेच्या एका टोकाला बोलणारा, दुसऱ्या टोकाला ऐकणारा. घंटी वाजली की त्याने उचलायचेच. अशा माणसाला अचकटविचकट बोलणाऱ्यापासून संरक्षण हवे, हे कोणीही मान्य करील. शिक्षाही फार तर महिन्याभराच्या कैदेची.

पुढे यंत्रे पालटली, शब्द तेच राहिले. १९६९, १९८४, २००३ असे ते एका ब्रिटिश कायद्यातून दुसऱ्यात उतरत गेले आणि अखेर आमच्याकडे आले. परंतु संगणकाच्या जाळ्यावर लिहिलेले वाक्य बहुधा चव्हाट्यावरच्या फलकासारखे असते. कानात दिलेली शिवी आणि चव्हाट्यावर मांडलेले मत आपण एकाच मापाने मोजले. माझ्या मते यात दुष्टाव्यापेक्षा आळस अधिक.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदविषयी प्रश्न केला. मैत्रिणीने त्यावर पसंतीची खूण केली, इतकेच. दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत ६६-अ होतेच.

२४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. चेलमेश्वर व न्या. नरीमन यांनी हे कलम रद्द ठरविले. चर्चा निराळी, चिथावणी निराळी, आणि कलमाचे शब्द इतके संदिग्ध की त्यांत काहीही बसावे, हा निकालाचा गाभा. मौज अशी की, पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदविले जातच राहिले. ते ऐकून २०२१ मध्ये न्यायालय थक्क झाले, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात त्याखाली कोणावरही खटला चालवू नये असे त्याला पुन्हा बजावावे लागले. २०२१ च्या सुनावणीत महान्यायवादींनी उलगडा केला होता : कलम पुस्तकात छापलेलेच आहे; ते रद्द झाल्याची नोंद खाली तळटिपेत आहे.