शिसपेन्सिलींतली माती

पस्तीस वर्षांच्या शिक्षकींत एक तक्रार मीं रोज ऐकली : “गुरुजी, टोंक मोडलें!” आणि माझें उत्तर ठरलेलें, “इतकें दाबून कशास लिहितोस?” प्रसंगीं छडीही दिली. तें उत्तर कितपत न्यायाचें होतें, हें पेन्सिलीचा इतिहास वाचल्यावर कळलें.

शिसपेन्सिलीच्या नांवांत शिसें आहे, वस्तूंत नाहीं. सोळाव्या शतकांत इंग्लंडांत बॉरोडेल येथें एक काळें, मऊ खनिज सांपडलें. लोकांनीं तें शिशाच्या जातीचें मानलें. तें कार्बनचें रूप आहे, हें १७७९ सालीं शेले यानें दाखविलें. १७८९ सालीं व्हेर्नर यानें त्यास ग्राफाइट हें नांव दिलें.

बॉरोडेलचा माल इतका शुद्ध व घट्ट, कीं कांड्या कापून लाकडांत बसविल्या कीं काम झालें. इतरांच्या वांट्यास भुकटी येई. जर्मन कारागीर तींत गंधक मिसळीत. पण त्या कांड्या ठिसूळ होत आणि कागदावर ओरखडत.

१७९३ सालीं फ्रान्स व इंग्लंड यांच्यांत युद्ध जुंपलें आणि फ्रान्सला इंग्रजी माल मिळेनासा झाला. तेव्हां कार्नो यानें कोंते या कल्पक गृहस्थास उपाय शोधावयास सांगितलें. कोंतेनें ग्राफाइटची भुकटी व चिकणमाती पाण्यांत कालवून कांड्या केल्या आणि त्या भट्टींत भाजल्या. १७९५ सालीं त्यास पेटंट मिळालें.

ग्राफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून तें कागदावर उतरतें. पण त्यामुळेंच तें दुबळेंही असतें. भाजलेली माती त्यास सांगाडा पुरविते. माती अधिक, तर कांडी कठीण व रेघ फिकट. माती कमी, तर रेघ काळीभोर, पण टोंक हळवें. पुढें कांडीच्या छिद्रांत मेण मुरवूं लागले आणि पेन्सिल कागदावर गुळगुळीत चालूं लागली.

आजच्या विमानांतील कार्बनच्या तंतूंचेंही असेंच आहे. तंतु बळकट खरे, पण त्यांच्या पृष्ठभागास राळ नीट चिकटत नाहीं. म्हणून त्यांवर ऑक्सिडीकरणाची क्रिया करून पातळ लेप देतात. मग राळ त्यांस धरते व भार सर्वांत वांटला जातो.

भेसळ हा शब्द आपण निंदेनेंच उच्चारतों. परंतु काय मिसळलें आणि किती, यावरच वस्तूचें बळ ठरतें. मोडलेल्या कित्येक टोंकांचा दोष मुलांच्या हातांचा नव्हता, मिश्रणाचा होता. छडी मात्र हातांनींच खाल्ली, याचें आज वाईट वाटतें.