खांदा दुखतो, पण दुखणे कुठले?



घरातल्या बाईचा खांदा दुखू लागला की आपण म्हणतो, "उसण भरली असेल, हंडा उचलला ना सकाळी!" बहुधा ते खरेही असते. पण उजवा खांदा दर महिन्याला नेमका पाळीच्याच दिवसांत दुखत असेल तर? हा प्रश्न विचारायला वैद्यकाला फार वर्षे लागली. त्याचीच हकीकत आज सांगणार आहे.

गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढते, त्या विकाराला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. अमेरिकेत ऑल्बनी येथील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली अशी उपपत्ती मांडली, की पाळीचे थोडे रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. साहजिकच डॉक्टरांचे लक्ष ओटीपोटावर खिळले. पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याकडे, म्हणजे श्वासपटलाकडे, कोण पाहतो?

१९५४ साली ब्रूज यांनी श्वासपटलावरच्या या विकाराची नोंद केली. १९५८ साली अमेरिकेत मॉरर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्त्रीची हकीकत छापली. तिच्या छातीत पुन्हा पुन्हा हवा शिरून फुप्फुस मिटत असे, आणि तेही पाळीच्या सुमारास. मूळ सापडले श्वासपटलावर! १९७२ साली लिलिंग्टन प्रभृतींनी अशा दुखण्याला पाळीशी जोडलेले नावच दिले.

आता कोणी विचारील, दुखणे पडद्याला, मग कळ खांद्यात का? श्वासपटलाचा मज्जातंतू मानेतून खाली येतो. खांद्याची संवेदनाही मानेच्या त्याच भागात पोचते. म्हणून मेंदूची फसगत होते. विकार बहुतेक उजवीकडे आढळतो. पोटातला द्रव त्या बाजूने वर सरकतो, हे त्याचे कारण मानले जाते.

निदान आजही सोपे नाही. सोनोग्राफी निर्दोष येऊ शकते. एमआरआयने काही वेळा सुगावा लागतो, सर्व वेळा नाही. दुर्बिणीने पोटात पाहिले तरी मागचा भाग यकृताआड दडतो, म्हणून तिथे मुद्दाम पाहावे लागते. कधी छातीतही दुर्बीण घालावी लागते. ऊतकाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला म्हणजे खात्री पटते.

पण पहिला धागा यंत्राने दिला नाही, तो तारखांनी दिला. दुखणे आणि पाळी यांच्या तारखा कोणीतरी शेजारी शेजारी मांडून पाहिल्या, म्हणून हे कोडे सुटू लागले.

हा विकार क्वचितच आढळतो. प्रत्येक खांदेदुखी याचीच असे समजून घाबरू नये. पण आपल्याकडे "बाईच्या जातीला एवढं सोसायचंच" म्हणून विषय मिटवतात ना, तिथे घात होतो. शिक्षक भगिनींनी मोठ्या मुलींना एवढे अवश्य सांगावे: भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पाळीची एक खूण करा, दुखण्याची दुसरी. दोन-तीन महिन्यांनी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. एकाएकी दम लागला, छातीत कळ आली, तर मात्र तारखांची वाट न पाहता तडक दवाखाना गाठा.

आणि घरातल्या पुरुष मंडळींनी? तिने सांगितले तर ऐकून घ्यावे. निदानाची सुरुवात तिथूनच होते.