‘फँटेशिया’चा हिशेब

यशस्वी ते उथळ, असे समीकरण साहित्याच्या वर्गात आम्हीही अनेकदा मांडले आहे. अ‍ॅनिमेशनपटांचा इतिहास पाहता ते टिकत नाही. १९३७च्या ‘स्नो व्हाइट’ने भरघोस कमाई केली, म्हणूनच वॉल्ट डिस्ने १९४०मध्ये ‘फँटेशिया’ करू धजले : अभिजात पाश्चात्त्य संगीत, त्यावर बेतलेली चित्रे आणि सलग कथानकाला फाटा. खास ध्वनियंत्रणेचा खर्च मोठा. त्यात युद्धामुळे युरोपची बाजारपेठ हातची गेलेली. चित्रपट तोट्यात गेला. १९४१मध्ये कंपनीला सावरले ते अवघ्या ६४ मिनिटांच्या, कमी खर्चातल्या ‘डंबो’ने, आणि ‘डंबो’ काही उथळ नव्हे. पुढे पुनःप्रदर्शनांतून ‘फँटेशिया’लाही प्रेक्षक लाभले. तोवर कंपनी तगली, ती अशा साध्या चित्रपटांच्या आधारे. धंद्याला नाक मुरडताना हा हिशेब आम्ही विसरत होतो.