पंगतीत कोण बसणार?

हजरत ईसा (अलै.) यांचे सुरुवातीचे अनुयायी कोण होते? ते सगळे ज्यू होते. सुंता झालेले, शनिवारी शब्बाथ पाळणारे, खाण्यापिण्याचे नियम कसोशीने सांभाळणारे. आपण एखादा वेगळा धर्म काढतो आहोत, असे त्यांच्या मनातही नव्हते. मग ग्रीक, रोमन अशा परक्या लोकांना त्यांनी आपल्यात घेतले कसे? ते सहज घडले नाही. आणि भांडण झाले ते श्रद्धेइतकेच जेवणावरून.

त्या काळी जेरुसलेमच्या मंदिरात एक दगडी कठडा होता. परक्याने तो ओलांडला तर त्याच्या मृत्यूला तोच जबाबदार, असा ग्रीक भाषेतला इशारा तिथे कोरलेला होता. तो शिलालेख 1871 मध्ये सापडला आणि आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. बाहेरच्याने कुठपर्यंत यायचे, हे असे दगडावर लिहिलेले होते.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पेत्राची हकीकत येते. कर्नेल्य नावाचा रोमन लष्करातला एक अधिकारी कैसरियात राहत होता. देवभीरू, दानधर्म करणारा. पण ज्यू नव्हे. पेत्र त्याच्या घरी गेला, तिथे राहिला, त्या घरच्यांना बाप्तिस्मा द्यायला लावला. जेरुसलेमला परतल्यावर त्याच्याच माणसांनी त्याला जाब विचारला. गंमत अशी की, बाप्तिस्मा का दिलास, हा त्यांचा आक्षेप नव्हता. सुंता न झालेल्यांच्या घरी जाऊन तू जेवलास, हा आक्षेप होता. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर प्रश्न रोटीव्यवहाराचा होता.

पुढे अंत्युखिया शहरात ज्यू आणि परके एकाच जमातीत आले. ख्रिस्ती हे नावही पहिल्यांदा तिथेच पडले. तेव्हा काही जण म्हणू लागले की, नव्यांनी आधी सुंता केली पाहिजे, मूसाचा कायदा पाळला पाहिजे. इसवी सन 49 च्या सुमारास जेरुसलेममध्ये बैठक झाली. पौल आणि बर्णबा यांनी परक्यांची बाजू मांडली, पेत्राने आपला अनुभव सांगितला आणि येशूचा भाऊ म्हणून ओळखला जाणारा याकोब याने निर्णय दिला. सुंतेची सक्ती नको. मात्र मूर्तीला वाहिलेले, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचे मांस आणि व्यभिचार यांपासून दूर राहावे. ही यादी वाचताना मुस्लिम वाचकाला कुरआनमधील हराम गोष्टींची आठवण होईल. चारपैकी तीन गोष्टी ताटातल्या आहेत, हेही लक्षात घ्या. एकत्र जेवता यावे यासाठी दोन्ही बाजूंनी एकेक पाऊल पुढे टाकावे, असाच त्यामागचा हेतू दिसतो.

‘प्रेषितांची कृत्ये’ वाचताना वाटते की वाद तिथे मिटला. पण पौलाने गलतीकरांना लिहिलेले पत्र वेगळेच सांगते. अंत्युखियात पेत्र परक्यांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आली, तसा तो पंगतीतून बाजूला झाला. लोक काय म्हणतील, या भीतीने! त्याचे पाहून इतर ज्यूही उठले. ज्याने परक्यांची बाजू लावून धरली होती, तो बर्णबाही उठला. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला सुनावले. पेत्राने काय उत्तर दिले, ते पत्रात नाही.

मला या इतिहासातला हाच प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सिद्धांत पेत्राला मान्य होता. त्यासाठी तो आपल्या माणसांशी भांडलाही होता. पण घरची माणसे पाहायला आली तेव्हा त्याचा पाय मागे सरला. त्या क्षणी पंगतीत उरलेल्या नव्या श्रद्धावंतांना काय वाटले असेल? त्यांच्यापैकी एकाचाही शब्द आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही.

नव्याने आलेल्याला सामावून घेण्याचा ठराव करणे प्रत्येक समाजाला जमते. ‘सगळे समान आहेत’ हे आपणही व्यासपीठावरून सांगतो. पण नवमुस्लिमाच्या घरी दावत असेल, मुलामुलीचे नाते जोडायचे असेल, तेव्हा आपण बसून राहतो की हळूच उठतो? कसोटी तिथे लागते.